अर्धी बाटली

आमच्या घरात यंदा दिवाळीच्या आधीच एक नवा कायदा जारी झाला आहे. कोणतीही बाटली, बरणी किंवा डबा अर्धा असताना त्यात वरून भर घालायची नाही. आधी तो पुरता संपवायचा, मग घासायचा, उन्हात वाळवायचा आणि त्यानंतरच त्यात नवा माल ओतायचा. परवा अभ्यंगाचे नवे सुवासिक तेल मी गेल्या वर्षीच्या बाटलीत ओतू लागलो, तोच बाहेरच्या खोलीत कॉटवर बसलेल्या आईने हाक मारली, "अरे, आधी धुतलीस का ती?" चिरंजीव अभ्यास टाकून ओरडले, "बाबा, कलम पहिलं!" आणि सौभाग्यवतींनी काही न बोलता माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

या कायद्यामागे एक हकीकत आहे, आणि त्या हकीकतीत मी काही फारसा शोभून दिसत नाही. दिवाळी अंकात लेखकाने स्वतःविषयी चार बऱ्या गोष्टी सांगाव्यात असा रिवाज आहे. यंदा तो मोडावा लागणार.

गेल्या आषाढात आई बाथरूममध्ये घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय चौऱ्याहत्तर. नाशिकमधल्या एका मोठ्या इस्पितळात तिला नेले. इस्पितळाचे नाव सांगत नाही. जे घडले ते कुठल्याही इस्पितळात घडू शकते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. चौदा खाटांच्या वॉर्डात पाचव्या खाटेवर आई आली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या आजींना भाजणीचे प्रमाण सांगू लागली. आम्ही निर्धास्त झालो.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला. सहाव्या दिवशी जखमेची पट्टी सोडली तेव्हा तिच्यावर हिरवट डाग दिसला. सिस्टरांचा चेहरा पाहून मी काय ते समजलो. त्याच संध्याकाळी कळले की दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या खाटेवरही हाच प्रकार आहे. चारही खाटा डाव्या रांगेतल्या. उजव्या रांगेतली मंडळी चहा पीत मजेत बसलेली.

इस्पितळाच्या जिन्याखाली नातेवाइकांची सभा भरली. आवाज चढले. कुणी म्हणाले, वर्तमानपत्रात देऊ. कुणी म्हणाले, चला, आत्ताच साहेबांच्या खोलीत घुसू. इस्पितळावर चाल करून जाणे आपल्याकडे नवे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्याच महिन्यात, २९ ऑक्टोबरला, सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर चालून गेले. आजाराचे कारण दिसत नाही. इस्पितळाची इमारत मात्र दिसते. माणूस जे दिसते त्याच्यावर धावून जातो.

मी सुशिक्षित माणूस. मी धावून गेलो नाही. मी तक्रार लिहिली. वीस वर्षे मराठी शिकवल्याचा सगळा अनुभव तिच्यात ओतला. अडीच पाने झाली आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. डाव्या रांगेकडे ज्या आयाबाई होत्या, त्यांना सगळे 'मावशी' म्हणत. फरशी पुसून झाल्यावर तशाच हाताने आईची उशी सारखी करताना मी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. डावी रांग त्यांची, आजार डाव्या रांगेत. आणखी पुरावा तो कोणता हवा? मी त्यांचे नाव लिहिले आणि त्याखाली रेघही ओढली.

दुसऱ्या दिवसापासून मावशी कामावर दिसल्या नाहीत. जिन्याखालच्या सभेने माझे अभिनंदन केले.

त्याच दुपारी एक मध्यम वयाच्या सिस्टर हातात लांबट वही घेऊन वॉर्डात आल्या. मोठ्या इस्पितळांतून जंतुसंसर्गावर लक्ष ठेवायला एक समिती असते आणि तिच्या वतीने वॉर्डावॉर्डातून फिरणारी एक सिस्टर असते, हे मला तेव्हाच कळले. त्यांनी वहीत वॉर्डाचा नकाशा काढला होता. चौदा चौकोन. प्रत्येक चौकोनात शस्त्रक्रियेची तारीख, ती करणारे डॉक्टर, थिएटर, पट्टी बदलल्याच्या वेळा, पट्टी कोणी बदलली, ताप कधी आला, असे बारीक अक्षरात लिहिलेले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुम्ही आईंच्या जखमेला हात लावला होता का?"

"मी?" मी म्हणालो. "मी कॉलेजात प्राध्यापक आहे."

"हो, सर. पण हात लावला होता का?"

मला आठवले. चौथ्या दिवशी आई म्हणाली होती, पट्टीखाली खाजते. मी कड उचलून आत डोकावलो होतो. त्याआधी मी बसमधून आलो होतो, खाली चहा प्यालो होतो आणि जिन्याच्या कठड्याला धरून वर चढलो होतो. हात धुतल्याचे काही आठवेना. मी तसे सांगितले. त्यांनी ते शांतपणे चौकोनात लिहून घेतले. त्यात ना राग, ना उपदेश. माझ्याही नावाखाली रेघ ओढतील की काय, अशी भीती मला क्षणभर वाटून गेली. त्यांनी ओढली नाही.

"मग मावशींचं काय?" मी विचारले.

"त्यांचंही लिहिलंय, सर. सगळ्यांचं लिहिते. कोणाचं कमी नाही, कोणाचं जास्त नाही."

गंगेला पूर आला की आम्ही नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे म्हणतो. प्रत्येकाने आपापल्या भीतीच्या मापाने पूर मोजला असता तर रोज भांडणे झाली असती. या बाईंची वही तशी होती. आमची सभा भीतीने मोजत होती. त्या चौकोनांनी मोजत होत्या.

जखमेतला पू तपासायला गेला होता. जंतू वाढून ओळखू यायला दोन दिवस तरी लागतात. त्या दोन रात्री मी आईच्या उशाशी बसून काढल्या. वॉर्डावर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता व्हिएन्नाच्या इस्पितळाचे नाव काढले होते, म्हणून मास्तरकीच्या खोडीने मी ते शोधून वाचत बसलो.

व्हिएन्नाच्या त्या भल्यामोठ्या सार्वजनिक इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतरोगाने शंभरातल्या दहाच्या आसपास बायका दगावत. दुसऱ्यात त्यापेक्षा पुष्कळच कमी. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. आम्हाला पहिल्या विभागात नेऊ नका, म्हणून त्या पाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर तिथे होता. त्याने एकेक कारण घेतले आणि तपासले. हवा? दोन्हीकडे तीच. गर्दी? दुसऱ्या विभागात जास्तच. मरणाऱ्यांसाठी घंटा वाजवीत येणाऱ्या पाद्र्याची भीती? त्याची वाट बदलली, घंटा बंद केली. मृत्यू थांबले नाहीत.

मग १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेश्का वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातल्या चाकूचे टोक त्यांना लागले होते. त्यांच्या मृत्यूचा अहवाल वाचताना सेमेलवाइस थबकला. लक्षणे बाळंतरोगाचीच! पुरुष माणूस, ना बाळंत, ना त्या विभागातला, आणि रोग मात्र तोच. या एका न बसणाऱ्या मृत्यूने सगळे कोडे सोडवले. पहिल्या विभागातले डॉक्टर सकाळी प्रेते तपासून थेट बाळंतिणींकडे येत. सुइणी शवागारात जात नसत. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका मेल्या होत्या, जूनमध्ये दोन.

वाचकहो, एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण आपले हात मारतात हे मोठमोठ्या डॉक्टरांना मानवेना. सेमेलवाइसनेही पुढे विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवले. १८६५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. कारण सापडले होते. पण त्याभोवती दोषारोपांचा एवढा धुरळा उडाला की ते सर्वत्र मान्य व्हायला बरीच वर्षे गेली.

मी हे वाचून मान वर केली, तो वहीवाल्या सिस्टर उजव्या रांगेत बाराव्या खाटेपाशी उभ्या होत्या. तिथल्या तरुणाच्या जखमेतूनही हिरवट पाणी येऊ लागले होते.

बारावी खाट! मावशींनी त्या रांगेत कधी पाऊलही टाकले नव्हते. शिवाय वहीतल्या तारखांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दुसऱ्या खाटेवरच्या बाईंची शस्त्रक्रिया झाली त्या आठवड्यात मावशी गावी गेलेल्या होत्या. त्या परत येण्याआधीच बाईंना ताप आला होता. डॉक्टर म्हणावे तर दोन वेगळे, थिएटरही एक नव्हते. मग या पाच जणांत सारखे काय?

सिस्टरांनी बाराव्या खाटेच्या रात्रीच्या नोंदी काढल्या. वॉर्डात पट्ट्या बदलायच्या दोन ट्रॉल्या होत्या, डाव्या रांगेची एक, उजव्या रांगेची एक. एका रात्री उजव्या ट्रॉलीवरची जखम धुण्याच्या औषधाची बाटली संपली, म्हणून ड्यूटीवरच्या मुलीने डाव्या ट्रॉलीवरची बाटली उचलली आणि बाराव्या खाटेची जखम धुतली. एकदाच. तेवढे पुरले.

बाटली तपासायला गेली. तिच्यात आणि पाचही जखमांत एकच जंतू निघाला, स्यूडोमोनास नावाचा. ओलाव्यात राहणारा, नळाच्या पाण्यातही असणारा, आणि जंतुनाशक औषध पातळ झाले तर त्यातही तग धरणारा. औषध घट्ट यायचे. ते वॉर्डात पाणी घालून पातळ करीत. बाटली अर्धी झाली की वरून भर घालीत. धुवायला ती कधी रिकामीच होत नव्हती. किती आठवडे हे चालले होते, कोणी सुरू केले, हे कोणालाच सांगता येईना. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. औषध वाया जाऊ नये एवढीच काटकसर होती. जंतू मारायच्या औषधातच जंतूंनी बिऱ्हाड केले होते.

पुढचे काम झपाट्याने झाले. दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या करून धुतल्या. उघड्या बाटल्या बंद झाल्या. एकदा वापरून टाकायच्या लहान सीलबंद पुड्या आणि कुप्या आल्या. पाचही रुग्णांना एका कोपऱ्यात आणून त्यांच्यासाठी वेगळ्या सिस्टर नेमल्या. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हात चोळायचे औषध टांगले. काही दिवस त्या वॉर्डात शस्त्रक्रियेचे नवे रुग्ण घेतले नाहीत. आणि वही बंद झाली नाही. पुढे तीन आठवडे रोज चौकोन भरले जात होते. नवा रुग्ण सापडला नाही, तेव्हा कुठे सिस्टरांनी वही मिटली.

आईची जखम पुन्हा उघडून धुवावी लागली. तीन आठवडे शिरेतून औषधे गेली. ती वाचली. आता वॉकर घेऊन घरभर फिरते आणि कायद्याची अंमलबजावणी करते.

तिसऱ्या खाटेवरच्या आजी मात्र वाचल्या नाहीत. आईने ज्यांना भाजणीचे प्रमाण सांगितले होते त्याच. त्यांचा मुलगा सिन्नरकडचा शेतकरी. तो जिन्याखालच्या सभेत एका बाजूला उभा असे, काही बोलत नसे. त्याने मला गाठून विचारले, "सर, माझ्या आईला कशानं झालं, ते मला सांगतील का हो? मला एकट्याला नाही विचारता येणार. तुम्ही येता का बरोबर?"

कोणामुळे, असे त्याने विचारले नाही. कशाने, असे विचारले. मी बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवून सगळे सांगितले, बाटलीसकट, सोप्या मराठीत. शेवटी म्हणाल्या, "ही पद्धत चुकीची होती आणि ती आम्ही चालू दिली. चूक आमची आहे." तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "आता दुसऱ्या कोणाला व्हायचं नाही ना?" पुढे त्याने कागदपत्रे मागितली, ती त्याला मिळाली, ती मागणे हा त्याचा हक्कच होता. चूक एका बाईच्या माथी मारली असती, तर त्याला हे उत्तर कधीच मिळाले नसते. मावशी घरी, बाटली ट्रॉलीवर, आणि पुढच्या महिन्यात आणखी चार जखमा हिरव्या.

असे एकदा आपल्याकडे झालेले आहे, आणि तेही एका बाटलीवरूनच. आजी तिच्या आईकडून ऐकलेल्या प्लेगाच्या गोष्टी सांगे: गाव ओस टाकून लोक रानात झोपड्यांत कसे राहत. आमच्या शेजारच्या भगूरला सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९ साली प्लेगनेच गेले. त्या काळात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत प्लेगची लस शोधत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथून लाखो लोकांना पुरेल इतकी लस बाहेर पडली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल गावी १०७ जणांना ती टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले; बाकीच्यांना काही झाले नाही. चौकशी आयोग बसला. हाफकिन यांनी लस करण्याची पद्धत बदलून तिच्यातले कार्बोलिक आम्ल वगळले होते. एवढे आयोगाला पुरले. दोष परळच्या प्रयोगशाळेचा ठरला, आणि हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. माझी अडीच पानेही अशाच पुराव्यावर उभी होती.

पण तिथेही एक बारावी खाट होती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत वाढले असते तर तिला दुर्गंधी सुटली असती; आणि बाटली उघडणाऱ्याला कसलाही वास आला नव्हता. शिवाय बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. हे सगळे समोर असूनही कोणी जोडून पाहिले नाही. मलेरियाच्या डासाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ यांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. पाच वर्षे गेली होती. परळच्या त्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव दिले. ते आजही आहे.

हाफकिन यांच्यासाठी रॉस होते. मावशींसाठी लांबट वही होती, म्हणून त्यांचे पाच वर्षांऐवजी दोन दिवसांत निभावले. त्या परत कामावर आल्या, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वीस वर्षे वर्गात बोलणाऱ्या माणसाला चार शब्द सुचेनात. "मावशी, माझं चुकलं," एवढेच म्हणालो.

"जाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "तुमची आई होती. आईपायी माणूस बोलतं." आणि बादली उचलता उचलता थांबून म्हणाल्या, "पण दोन दिवसांचे पैसे गेले ना माझे."

त्या रात्री मी इस्पितळाला दुसरे पत्र लिहिले. तीन ओळींचे. पहिली तक्रार मी मागे घेतो. मावशींचे दोन दिवसांचे वेतन द्यावे. वॉर्डातल्या सर्वांना हात धुण्याचे जे शिक्षण द्याल ते नातेवाइकांनाही द्यावे, त्यांत मलाही. अलंकार एकही नव्हता. महिनाअखेरीस मावशींचे पैसे मिळाले, हे मी स्वतः विचारून खात्री करून घेतले.

नरकचतुर्दशीला पहाटे आईला तेल लावायचे आहे. धुतलेली बाटली खिडकीत उलटी ठेवली आहे. आई मधूनमधून उठून ती वाळली का ते पाहून येते, आणि येताना मला विचारते, "हात धुतलेस?"